दिवाळीत लागलेली उन्हाळी

पत्र

डॉक्टर, आमच्याकडे साडेचार वर्षांचा बोका आहे. नाव बंडू, लाडात आला की बंडोपंत. नसबंदी झालेली, वजन ६ किलो २०० ग्रॅम. तिसऱ्या मजल्यावरचा वन बीएचके, त्यामुळे बाहेर जाणं नाही. दिवाळीत पाडव्याच्या दिवशी त्याने बाथरूमच्या जाळीवर लघवी केली आणि फरशीवर लालसर थेंब दिसले. शेजारच्या काकू म्हणाल्या, उन्हाळी लागली आहे, धणे-जिऱ्याचं पाणी द्या. ड्रॉपरने पाजलं आणि पाच दिवसांत तो ठणठणीत झाला. डिसेंबरात परत तेच सुरू झालं. या वेळी दिवसभर ट्रेमध्ये जाऊन बसायचा, ओरडायचा, आणि एक थेंब नाही. रात्री दवाखान्यात नेलं, नळी घालावी लागली, तीन दिवस ठेवून घेतलं. लघवीच्या रिपोर्टवर ‘ट्रिपल फॉस्फेट क्रिस्टल्स २+’ आलं आहे. डॉक्टरांनी युरिनरीचं फूड लिहून दिलं. दीड किलोची पिशवी आणली, तर साहेब वास घेतात, ट्रेमध्ये उकरतात तशी वाटीभोवतीची फरशी उकरतात आणि निघून जातात. आधी तो साधं ड्राय फूड खायचा, वर सासूबाईंच्या हातची दूध-पोळी आणि कामाच्या मावशी गुपचूप आणतात ती मूठभर सुकट. घर शाकाहारी आहे, चिकन शिजवणं होणार नाही. काकू आता कुळथाच्या कढणावर आल्या आहेत. नवरा म्हणतो, एवढी महाग पिशवी, तर निम्मं जुनं निम्मं नवं करू. नक्की कोणतं फूड द्यावं?

– बंडूची आई, डोंबिवली

उत्तर

बंडूच्या आई,

फूडचं नंतर. आधी फ्रिजच्या दारावर रात्री उघड्या असणाऱ्या दवाखान्याचा नंबर चिकटवा. एकदा तुंबलेला बोका पहिल्या काही आठवड्यांत परत तुंबू शकतो, आणि पुढच्या वेळी ‘दिवसभर बघू’ करायला दिवस मिळेलच असं नाही. ट्रेमध्ये वारंवार बसतोय, जोर करतोय आणि वाळू कोरडीच आहे, एवढं दिसलं की उचलायचं आणि निघायचं. बरेच लोक याला बद्धकोष्ठ समजून एरंडेल द्यायला बघतात. लघवी अडली की रक्तातलं पोटॅशियम चढतं आणि हृदयाचे ठोके बिघडतात. एका दिवसात प्राणी गळून जातो, दोन-तीन दिवसांत दगावतो. आणि दुखतंय बिचाऱ्याला म्हणून घरातली क्रोसिन द्यायची नाही, पाव गोळीसुद्धा नाही. पॅरासिटॅमॉल मांजराला विष आहे.

आता काकूंचं धणे-जिरं. उन्हाळी हा शब्द मला आवडतो, कारण तो लक्षणाचं नाव आहे, कारणाचा दावा करत नाही. आम्ही डॉक्टर मंडळी वेगळं काय करतो? तरण्या मांजरांत लघवीच्या तक्रारी येतात त्यातल्या निम्म्याहून अधिक वेळा ना खडा सापडतो ना जंतू. मूत्राशयाच्या आतल्या अस्तराला सूज असते, तिचं ठरावीक कारण मिळत नाही, म्हणून आम्ही तिच्यामागे ‘इडिओपॅथिक’ असं भारदस्त विशेषण लावतो. मराठीत सांगायचं तर, माहीत नाही. या सुजेचा स्वभाव असा की बहुतेक मांजरांत ती आठवड्याभरात आपोआप ओसरते. त्यामुळे त्या आठवड्यात जे काही पाजाल त्याला श्रेय मिळतं. धणे-जिऱ्याला मिळालं. अँटिबायोटिक दिलं असतं तर त्याला मिळालं असतं, आणि ते मी वर्षानुवर्षं माझ्या खिशात घातलेलं आहे.

तारीख मात्र तुम्हीच लिहिलीत: पाडवा. आदल्या दिवशीची लक्ष्मीपूजनाची आतषबाजी, पाहुणे, हलवलेलं सामान, कदाचित ट्रेसुद्धा पाहुण्यांसाठी गॅलरीत गेला असेल. अमेरिकेत ओहायो स्टेट विद्यापीठातल्या टोनी बफिंग्टन यांनी अशा मांजरांवर कित्येक वर्षं काम केलं. दुखणं मूत्राशयापुरतं नाही, ताण आला की ते तिथे उमटतं, आणि मांजराच्या राहण्यात सुधारणा केली की झटके कमी होतात, हे त्यांच्या कामातून पुढे आलं. म्हणजे फूड बदललं आणि बाकी सगळं तसंच ठेवलं, तर निम्मं काम राहून जातं.

मग क्रिस्टल्सचं काय? मला एक सांगा, नमुना दवाखान्यातून लॅबमध्ये कधी गेला? बरेचदा असं होतं: रात्री लघवी काढली, फ्रिजमध्ये ठेवली, सकाळी मुलगा घेऊन गेला, दुपारी कोणी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. लघवी थंड झाली की त्यात स्फटिक धरतात, मध थंडीत साखरतो तसे. ते बंडूच्या मूत्राशयात होते की लॅबच्या बाटलीत जन्मले, हे रिपोर्ट सांगत नाही. ताज्या लघवीत, तासाभराच्या आत पाहिलेले स्फटिक खरे. आणि तेही धडधाकट मांजरांत अधूनमधून दिसतात. स्फटिक म्हणजे खडा नव्हे. पण बोक्याची मूत्रनळी टोकाशी फार अरुंद असते, आणि सुजेमुळे सुटलेला चिकट द्राव नि हे स्फटिक एकत्र झाले की त्याचा बुचासारखा गोळा बनतो. बंडूचं बहुधा तेच झालं. एक्स-रे किंवा सोनोग्राफी झाली होती का, ते पत्रात नाही. झाली नसेल तर करून घ्या, कारण फूडची निवड तिथून सुरू होते.

ट्रिपल फॉस्फेट म्हणजे स्ट्रुव्हाइट: मॅग्नेशियम, अमोनियम आणि फॉस्फेट. लघवी आम्लधर्मी आणि पातळ ठेवली तर हा विरघळतो. खडा असला तरी योग्य फूडवर साधारण दोन ते पाच आठवड्यांत जातो, कापाकापी लागत नाही. दुसरा नेहमीचा खडा कॅल्शियम ऑक्झलेटचा. तो कोणत्याही फूडने विरघळत नाही, काढावाच लागतो. त्यातून लघवी फार आम्ल केली तर कॅल्शियम जास्त उतरतं आणि ऑक्झलेटला आवतण मिळतं.

हे मी पुस्तकातून शिकले आणि मग एका मांजराच्या जिवावर परत शिकले. पंचवीसेक वर्षांपूर्वी माझ्याकडे एक पिवळा बोका यायचा. स्ट्रुव्हाइटचं निदान पक्कं होतं. फूड आधीच आम्लता वाढवणारं सुरू होतं, तरी मी खात्रीसाठी वरून पावडरही चालू केली आणि महिनोन्‌महिने बंद करायला सांगितलंच नाही. दीड वर्षाने तो परत आला, शस्त्रक्रिया करून खडा काढला, तपासणीला पाठवला. ऑक्झलेट. साऱ्या जगाचं थोडंफार असंच झालं होतं. १९८१मध्ये अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात खडे तपासणारं केंद्र सुरू झालं, तेव्हा मांजरांचे बहुतेक खडे स्ट्रुव्हाइटचे निघत. कंपन्यांनी मॅग्नेशियम घटवलं, आम्लता वाढवली. स्ट्रुव्हाइट खाली आला आणि पुढच्या दोन दशकांत ऑक्झलेट वर चढला. म्हणून युरिनरी फूडवर स्वतःच्या मनाने लघवी आंबट करणारी पावडर, लिंबू, व्हिनेगर, व्हिटॅमिन सी काही घालू नका.

तर डॉक्टरांनी लिहून दिलेलं फूड बरोबर आहे. रॉयल कॅनिनचं युरिनरी एस/ओ असो, हिल्सचं सी/डी असो, की फार्मिनाचं स्ट्रुव्हाइट, कल्पना मोजक्याच: खनिजं बेताची, लघवीची आम्लता आवाक्यात, आणि काहींत मीठ थोडं चढं म्हणजे तहान लागेल. या मिठामुळेच ती पिशवी दुकानातून आपण होऊन उचलायची नसते. तुंबल्यावर मूत्रपिंडांवर भार येतो. बंडूचं क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडं नीट काम करत नसली की रक्तात वाढतं ते, परत तपासून खाली आल्याची खात्री करा, मग निर्धास्त. आणि साध्या फूडच्या पाकिटावर ‘युरिनरी केअर’ छापलेलं असतं ते वेगळं, हे वेगळं.

पण मला विचाराल तर पिशवीचं नाव दुसऱ्या नंबरचं आहे. पहिल्या नंबरवर पाणी.

मांजराचा मूळ पुरुष कोरड्या मुलखातला रानमांजर. तो पाणी प्यायचा ते मुख्यतः उंदराच्या अंगातून. त्यामुळे घरच्या मांजरालाही तहान उशिरा आणि थोडी लागते. बंडूच्या अंगाला दिवसाला साधारण अडीचशे ते तीनशे मिली पाणी हवं, खाण्यातून आणि पिण्यातून मिळून. आता ताटात बघा. साठ ग्रॅम कोरडे दाणे खाल्ले तर त्यातून मिळतं जेमतेम पाच मिली, एक चहाचा चमचा. उरलेलं त्याने वाटीतून प्यायला हवं. कोरडं खाणारी मांजरं जास्त पाणी पितात हे खरं, पण पुरती भरपाई करत नाहीत, आणि लघवी घट्ट राहते. उलट ८५ ग्रॅमच्या एका ओल्या पाउचमध्येच पासष्ट-सत्तर मिली पाणी असतं. तीन पाउच खाल्ले की दोनशे. पातळ लघवीत कोणताही स्फटिक धरायला कठीण, स्ट्रुव्हाइट असो की ऑक्झलेट, आणि नुसती सूज असेल तरी तिला बरं. निदान काहीही निघालं तरी हा उपाय चुकत नाही, म्हणून तो माझा लाडका.

युरिनरीचे पाउच रोज तीन म्हणजे तुमच्या घरी वाद होणार, मला कल्पना आहे. मग असं करा: त्याच कंपनीच्या युरिनरी फूडचा एक पाउच आणि चाळीस ग्रॅम कोरडे दाणे दिवसाला. दाणे साठ मिली कोमट पाण्यात दहा मिनिटं भिजवायचे, पाउचच्या ग्रेव्हीत दोन-तीन चमचे पाणी आणखी ढवळायचं. तिथेच दीडशे मिलीच्या आसपास जातं. ग्रॅम वजनकाट्यावर मोजा, वाटीने नको. बंडूचं वजन पाच किलोवर यायला हवं, कारण लठ्ठ, घरात बसणारा, नसबंदी झालेला बोका हा या दुखण्याचा ठरलेला गिऱ्हाईक. आठवड्याला साठ ग्रॅम उतरलं तरी पुरे, घाई नको. भिजवलेलं दोन तासांत संपलं नाही तर टाकून द्या, आपल्याकडच्या दमट हवेत आंबतं.

यजमानांचं निम्मं-निम्मं. भाजीत पाणी वाढवावं तसं हे नाही. लघवीची आम्लता आणि खनिजं ही सगळ्या ताटाची मिळून ठरतात. निम्मं जुनं, वर सुकट, वर दूध, म्हणजे महागाची निम्मी पिशवी वाया. पैसे वाचवायचेच तर दीड किलोऐवजी मोठी पिशवी घेऊन हवाबंद डब्यात भरा, आणि एक रात्र अॅडमिट ठेवल्याचं बिल त्यांच्याच पाकिटात घडी करून ठेवा.

तो खात का नाही, त्याचा मला अंदाज आहे. हे फूड त्याने पहिल्यांदा कुठे पाहिलं? दवाखान्यातच ना? पिंजऱ्यात, गळ्यात प्लास्टिकचा नरसाळा, हातात सुई. मांजर आजारपणात पुढ्यात आलेल्या अन्नाचा राग धरतं आणि तो बरा झाल्यावरही सोडत नाही. म्हणून चार-पाच दिवस ती पिशवी त्याच्या नाकासमोरून हलवा. तोवर जुनंच फूड द्या, पण भिजवून. मग डॉक्टरांना विचारून दुसऱ्या कंपनीचं छोटं पाकीट आणा, किंवा त्याच कंपनीचा ओला प्रकार. जुन्या वाटीत जुनं, शेजारी वेगळ्या पसरट बशीत एक चमचा नवं. खाल्लं तर दर दोन दिवसांनी एक चमचा इकडचा तिकडे. दहा-बारा दिवस लागतील. ओलं अन्न फ्रिजमधलं गार देऊ नका, अंगाइतकं कोमट करा, वास सुटतो आणि मांजर वासाने जेवतं. आणि ‘भूक लागली की खाईल’ हा हट्ट कुत्र्याशी करा. लठ्ठ मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिलं तर अंगावरची चरबी यकृतात साठते, आणि ते दुखणं मूळ दुखण्यापेक्षा वाईट. चोवीस तास काही खाल्लं नाही की डॉक्टरांना फोन.

आता शाकाहाराचं. तुम्ही विचारलं नाहीत, पण ओळींमधून दिसलं. तुमच्या स्वयंपाकघरात चिकन शिजवायची काहीच गरज नाही. नुसतं उकडलेलं चिकन-भात हा मांजराचा पुरा आहार नव्हेच. त्यात कॅल्शियम नाही, टॉरिन (मांसातून मिळणारं, मांजराला लागतंच असं अमिनो आम्ल) भरवशाचं नाही, आणि टॉरिन कमी पडलं की मांजराचं हृदय सैल पडतं, हे १९८७पासून माहीत आहे. फक्त पाउच मांसाहारी आहे हे घराने गोड मानून घ्यावं. आम्ही कॉलेजात गाई-म्हशींवरच वाढलो, तिथलं एक इथे उपयोगी पडतं: गाईची लघवी अल्कधर्मी, मांजराची आम्लधर्मी, आणि फरक बऱ्याच अंशी चाऱ्याचा आणि मांसाचा. मांजराला पोळी-भाताकडे जितकं ओढाल तितकी त्याची लघवी गाईकडे झुकते, आणि स्ट्रुव्हाइटला तेच हवं असतं. दुधाने अनेक मोठ्या मांजरांना ढाळ लागतात, म्हणजे जमवलेलं पाणी भलत्या वाटेने गेलं. सुकट खारट, खनिजांनी भरलेली. मावशींना मी ओरडणार नाही, त्यांचा जीव आहे त्याच्यावर. त्यांना सांगा, पाउचमधला एक चमचा तुम्ही भरवा.

कुळीथ राहिला. माणसांच्या मुतखड्यावर कढण घेतात, ते खडे बहुतेक कॅल्शियमचे. मांजरावर त्याचा उपयोग होतो असं मला कुठे दिसलेलं नाही. त्याहून अडचण ड्रॉपरची. न आवडणारं पातळ तोंडात पिळताना ते श्वासनलिकेत जाऊ शकतं, आणि रोज दोनदा बगलेत दाबून पाजणं हा बंडूसाठी दिवाळीचाच बार. काकूंना म्हणावं, कढण आम्हीच प्यायलो, छान झालं होतं. फोडणीत लसूण असेल तर उरलेलं त्याच्या वाटीत ओतू नका. कांदा आणि लसूण मांजराच्या तांबड्या पेशी फोडतात.

पाण्याच्या वाट्या तीन ठिकाणी ठेवा, जेवणाच्या शेजारी नाही आणि ट्रेच्या तर नाहीच नाही. पसरट, काठोकाठ भरलेल्या, मिशा न घासणाऱ्या. वन बीएचकेमध्ये दुसरा ट्रे कुठे ठेवायचा ते मला विचारू नका, पण ठेवा. एका मांजराला दोन, हा हिशोब. एक बाथरूमपाशी, एक बिछान्याखाली चालेल. गोळे धरणारी वाळू घ्या आणि रोज सकाळी गोळे बघून कॅलेंडरवर लिहा. लिंबाएवढे दोन-तीन, उत्तम. बोराएवढे सहा-सात, म्हणजे सूज परत येतेय, त्याच दिवशी फोन. एकही नाही, म्हणजे फ्रिजवरचा नंबर.

नव्या फूडवर पूर्ण आल्यावर चार आठवड्यांनी लघवी परत तपासायची, आणि या वेळी दवाखान्यातच, ताजी. घनता रिफ्रॅक्टोमीटरवर मोजायला सांगा. माणसांच्या लॅबमधली रंगीत पट्टी मांजराच्या घनतेसाठी भरवशाची नाही. १.०३० च्या खाली आकडा आला तर पाण्याचा उद्योग जमला. १.०५० आला तर पिशवी कितीही महाग असू द्या, ग्रेव्हीत आणखी दोन चमचे.

सासूबाईंची दूध-पोळी बंद करायची म्हणजे घरात काय होईल ते मी ओळखते. त्यांना पोळी भरवायची नसते, बंडूला जवळ घ्यायचं असतं. म्हणून कोमट पाण्याचं काम त्यांच्याकडे द्या. संध्याकाळचा पाउच त्यांनीच फोडायचा, दुधाचीच ती जुनी वाटी वापरायची, तीन चमचे पाणी घालून बोटाने ढवळायचं आणि हाक मारायची. दाण्यांच्या पिशवीची ओळख सध्या त्या वाटीशी होऊ देऊ नका.